मुरणे आणि जुने होणे : पक्व रमच्या परिभाषेविषयी

मराठीत लोणचे मुरते. ते नुसते जुने झाले तर टाकून द्यावे लागते. हा भेद भाषेने इतक्या सहजपणे केलेला आहे की बोलणाऱ्याच्या तो ध्यानातही येत नाही. ‘जुना’ हे विशेषण कालगणनेचे आहे, ‘मुरणे’ हे क्रियापद देवघेवीचे आहे. पाणी जमिनीत मुरते, मसाला कैरीत मुरतो, माणूस एखाद्या धंद्यात मुरतो. या प्रत्येक ठिकाणी एक वस्तू दुसरीत शिरते, तिच्यापासून काही घेते आणि तिला काही देते. काळ हा त्या व्यवहाराचा केवळ साक्षी असतो. उसापासून ऊर्ध्वपातनाने काढलेले मद्य ओक लाकडाच्या पिंपात काही वर्षे ठेवले असता जे घडते, त्याला नेमके हेच क्रियापद लागू पडते. परंतु ज्या भाषांतून रम जगभर विकली जाते त्या भाषांनी निरनिराळी क्रियापदे पत्करली आहेत, आणि बाटलीवरील वर्षांचा आकडा वाचताना जी गल्लत होते तिचा उगम काही अंशी या शब्दांत शोधता येतो.

येथे ‘पक्व रम’ म्हणजे बर्फ, सोडा किंवा फळांचा रस न मिसळता, लहान लहान घोटांनी, केवळ चवीसाठी घ्यावयाची रम, एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. भारतात रम म्हटली की १९५४ साली बाजारात आलेली ‘ओल्ड मंक’ बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभी राहते, आणि ती कोमट पाण्याबरोबर किंवा एखाद्या गोड पेयाबरोबर घेण्याची रीत रूढ आहे. त्यामुळे याच जातीचे मद्य कोन्याकप्रमाणे तासभर पेल्यात ठेवून हुंगले जाते, ही गोष्ट अनेकांना नवीन वाटते. वस्तुतः उसाच्या मद्याशी भारताचा परिचय फार जुना आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरेचे जे तीन प्रकार सांगितले आहेत त्यांत गुळापासून होणारी ‘गौडी’ ही एक आहे. मात्र ती ऊर्ध्वपातित रम नव्हे, आणि तिला रमची पूर्वज ठरविण्याचा मोह आवरलेला बरा.

‘रम’ हा शब्द कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटावर सतराव्या शतकाच्या मध्यास आढळतो. १६५१ च्या सुमाराच्या एका वर्णनात तेथील उसाच्या मद्याला दोन नावे दिलेली आहेत : एक ‘रम्बुलियन’, आणि दुसरे ‘किल-डेव्हिल’, म्हणजे सैतानालाही मारणारे. वर्णन करणाऱ्याला हे मद्य जहाल आणि भयंकर वाटले होते. ‘रम’ हे ‘रम्बुलियन’चे संक्षिप्त रूप असावे असे सामान्यतः मानतात, खुद्द त्या शब्दाची व्युत्पत्ती मात्र अनिश्चित आहे. अधिक मनोरंजक प्रवास दुसऱ्या नावाचा झाला. फ्रेंचांनी ‘किल-डेव्हिल’ आपल्या उच्चाराप्रमाणे वळवून ‘गिल्दीव’ केला, आणि हैतीमध्ये मद्य गाळण्याच्या लहान भट्टीलाच हे नाव पडले. पदार्थाचे नाव जागेला लागले. इंग्रजीत ‘रम’, स्पॅनिशमध्ये ‘रोन’, फ्रेंचमध्ये उगीचच एक ‘ह’ घालून लिहिलेले ‘रम’, असा हा शब्द तीन वसाहतवादी भाषांत वाटला गेला. तिन्हींच्या मागे गुलामांच्या श्रमावर उभे असलेले उसाचे मळे होते, हे वेगळे सांगावयास नको.

आता क्रियापदांकडे वळता येईल. इंग्रजीतील रूढ क्रियापद सरळ ‘वय’ या नामावरून आलेले आहे : वस्तूचे वय वाढते, बस्स. स्पॅनिश ‘आन्येहो’ हे विशेषण बाटल्यांवर सर्रास दिसते आणि त्याचा अर्थ ‘जुनी, मुरलेली’ असा घेतला जातो. पण ज्या लॅटिन ‘अन्निकुलुस’पासून ते आले त्याचा अर्थ ‘एक वर्षाचे’ एवढाच आहे. फ्रेंचांनी मात्र ‘एल्व्हे’ हे क्रियापद घेतले, ज्याचा अर्थ वर उचलणे, आणि त्यावरून मूल लहानाचे मोठे करणे असा होतो. मार्तिनिक बेटावरील रमच्या बाटलीवर ‘लाकडाच्या छायेत वाढविलेली’ अशा अर्थाचे शब्द असतात. यांत वयाबरोबर सांभाळही गृहीत आहे. मराठी ‘मुरवणे’ याच्या सर्वांत जवळचे हेच फ्रेंच क्रियापद होय. फरक इतकाच की मराठीने उपमा स्वयंपाकघरातून घेतली आणि फ्रेंचने पाळण्यातून.

पिंपात प्रत्यक्ष काय घडते हे पाहिले म्हणजे या भेदाचे महत्त्व पटते. भट्टीतून निघालेली रम पाण्यासारखी स्वच्छ असते. तिला रंग येतो तो लाकडापासून (आणि पुष्कळदा जळक्या साखरेपासून, पण त्याविषयी पुढे). कॅरिबियनमध्ये वापरली जाणारी बहुतेक पिंपे अमेरिकन ओकची, सुमारे २०० लिटरची, आणि आधी बूर्बाँ व्हिस्की भरलेली असतात. अमेरिकन कायद्याप्रमाणे बूर्बाँसाठी दर वेळी नवे, आतून जाळलेले पिंप लागते. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे मुबलक मिळतात. आतील जळलेला थर कोळशाप्रमाणे गंधकाचे उग्र वास शोषून घेतो. त्याच्या मागील भाजलेल्या लाकडात लिग्निनचे विघटन होऊन व्हॅनिलिन तयार झालेले असते, ते मद्यात उतरते. टॅनिनमुळे तुरटपणा येतो. फळ्यांतून हळूहळू आत झिरपणाऱ्या हवेतील प्राणवायूने मद्याचे घटक बदलतात, आम्ल आणि मद्यार्क यांच्या संयोगाने नवी एस्टर द्रव्ये बनतात, आणि मूळच्या तिखट वासाच्या जागी वाळलेल्या फळांचा, भाजलेल्या सुक्या मेव्याचा वास येऊ लागतो. लाकूड देते, मद्य घेते. आणि त्याच वेळी मद्याचा काही भाग वाफ होऊन निघून जातो.

हा शेवटचा भाग उष्ण कटिबंधात फार मोठा असतो. स्कॉटलंडच्या थंड गोदामात वर्षाला सुमारे २ टक्के मद्य उडून जाते. कॅरिबियनमध्ये हे प्रमाण ६ ते ८ टक्के असते. ७ टक्के धरले तर १०० लिटर रमचे १२ वर्षांनी सुमारे ४२ लिटर उरतात; २ टक्क्यांच्या हिशेबाने ७८ लिटर उरले असते. उष्णतेने लाकडाशी होणारी देवघेवही झपाट्याने होते. म्हणजे बार्बाडोसमधील १२ वर्षे आणि लिव्हरपूलच्या गोदामातील १२ वर्षे यांच्यात आकडा तेवढा समान आहे, मुरणे समान नाही. शतकानुशतके कॅरिबियन रम पिंपांतून युरोपात जाई आणि तेथील बंदरांत पडून राही. तशा रमचाही एक नाजूक, फळांच्या वासाचा प्रकार आहे आणि त्याचे चाहते आहेत. पण दोन्हींची तुलना वयाच्या आकड्याने करणे व्यर्थ आहे. शिवाय मुरण्यालाही सीमा असते. उष्ण प्रदेशात पंचवीस-तीस वर्षे राहिलेल्या पिंपात पुष्कळदा लाकडाचा कडवटपणा उरतो आणि ऊस हरवतो. सर्वांत मोठा आकडा असलेली बाटली सर्वांत महाग असते. ती सर्वांत चांगली असतेच असे नाही.

आकड्याविषयी आणखी एक गोष्ट. जमैका आणि बार्बाडोस येथील परंपरेप्रमाणे, तसेच युरोपीय कायद्याप्रमाणे, मिश्रणातील सर्वांत तरुण घटकाचे वय बाटलीवर लिहावयाचे असते. जमैकातील ‘ॲपल्टन इस्टेट’च्या बाटलीवर १२ असेल तर तिच्यातील एकही थेंब १२ वर्षांपेक्षा कमी वयाचा नाही. (याच कारखान्यात १९९७ साली जॉय स्पेन्स या रसायनशास्त्रज्ञ बाईंकडे मुख्य मिश्रणकाराचे पद आले, मद्यव्यवसायात या पदावर पोचलेल्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात.) स्पॅनिश परंपरेतील अनेक रमवर मात्र ‘सोलेरा’ हा शब्द आणि त्यासोबत एक आकडा असतो. सोलेरा ही मूळची शेरी या द्राक्षमद्याची पद्धत. पिंपांच्या रांगा एकावर एक रचतात. बाटलीसाठी मद्य सर्वांत खालच्या रांगेतून काढतात, तेथे झालेली तूट वरच्या रांगेतून भरतात, आणि सर्वांत वर नवे मद्य ओततात. खालच्या रांगेला ‘जमीन’ या अर्थाच्या ‘स्वेलो’वरून ‘सोलेरा’ म्हणतात, तर वरच्या रांगांना ‘क्रिआदेरा’, म्हणजे बाळांना वाढविण्याची जागा. येथेही पाळणा आलाच.

पद्धत सुंदर आहे, परंतु तिच्यात ‘वय’ या शब्दाला काय अर्थ उरतो? समजा, एकाच पिंपातून दर वर्षी चौथा हिस्सा काढला आणि तेवढेच नवे मद्य भरले. २३ वर्षांनी पहिल्या भरतीचा किती भाग शिल्लक असेल? गणित केले तर हजारात जेमतेम सव्वा भाग. पिंप २३ वर्षांचे खरे, पण त्यातील मद्याचे सरासरी वय चार वर्षांच्या आसपास घोटाळत राहते. ग्वातेमालाच्या ‘साकापा’ या प्रसिद्ध रमवर पूर्वी ‘२३ वर्षे’ अशा अर्थाचे शब्द असत. पुढे त्यांच्या जागी ‘सोलेरा पद्धत २३’ असे शब्द आले, आणि तीत ६ ते २३ वर्षांच्या रमचे मिश्रण असल्याचे उत्पादकच सांगतात. एका नामाच्या फरकाने विधानाचा अर्थ किती बदलतो याचे हे उत्तम उदाहरण आहे. ‘वर्षे’ हा शब्द काढून टाकल्यावर २३ हा अंक नेमका कशाचा, हे वाचणाऱ्यावर सोपविले जाते, आणि वाचणारा बहुधा जुनाच अर्थ घेतो.

मराठीत अशा प्रसंगी ‘कोठे तरी पाणी मुरते आहे’ असे म्हणतात. रमच्या बाबतीत पाणी नव्हे, साखर मुरत होती. ऊर्ध्वपातनात साखर वाफेबरोबर वर येत नाही. भट्टीतून निघालेल्या कोणत्याही मद्यात ती नसते. तरीही अनेक ‘पक्व’ रम जिभेला स्पष्ट गोड लागतात, कारण बाटलीत भरण्यापूर्वी त्यांत साखर किंवा सरबत घातलेले असते. ही गोष्ट बाटलीवर लिहिण्याची प्रथा नव्हती. ती उघडकीस आणली फिनलंडसारख्या देशांतील सरकारी मद्यविक्री मंडळांच्या तपासण्यांनी आणि काही हौशी मंडळींच्या साध्या मद्यार्कमापीने. साखरेने द्रवाची घनता वाढते, त्यामुळे मापीवर मद्यार्काचे प्रमाण बाटलीवर लिहिल्यापेक्षा कमी दिसते; जितका फरक जास्त, तितकी साखर जास्त. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमाने रममध्ये लिटरमागे २० ग्रॅमपेक्षा अधिक गोडी घालण्यास बंदी केली. हा नियम मे २०२१ पासून लागू आहे. साखर घालणे हा काही गुन्हा नव्हे, आणि गोड रम आवडणाऱ्याने ती अवश्य घ्यावी. आक्षेप आहे तो गोडीला ‘मुरलेपणा’ म्हणून विकण्यावर. लाकूड, हवा आणि काळ यांनी जे कष्टाने करावयाचे ते साखर एका दिवसात केल्यासारखे दाखविते, आणि चव शिकणाऱ्याची जीभ बिघडविते.

आकडा जेथे दगा देतो तेथे नावे खरी बोलतात, असा अनुभव जमैकाच्या बाबतीत येतो. तेथील भट्ट्यांमध्ये प्रत्येक प्रकारच्या रमला एक सांकेतिक खूण असते, आणि ती वयाची नसून एस्टरच्या प्रमाणाची, म्हणजेच वासाच्या तीव्रतेची असते. ट्रेलॉनी परगण्यातील ‘हॅम्पडन’ येथे मळी कित्येक दिवस, कधी आठवडे, आंबू दिली जाते. तीत आधीच्या ऊर्ध्वपातनानंतर भांड्याच्या तळाशी उरलेले आंबट पाणी घालतात. त्याला ‘डंडर’ म्हणतात. हा शब्द ‘भरून वाहणे’ या अर्थाच्या स्पॅनिश क्रियापदाचा अपभ्रंश आहे. येथील ‘डीओके’ या खुणेच्या रममध्ये शुद्ध मद्यार्काच्या दर १०० लिटरमागे १५०० ते १६०० ग्रॅम एस्टर असतात, आणि १६०० ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. ही अतितीव्र रम पिण्यासाठी बनविलीच जात नसे. जर्मनीत आयातकर वाढल्यावर तेथील व्यापारी ती थोडी घेत आणि साध्या मद्यार्कात मिसळून ‘फेरश्निट’ या नावाने विकत. जर्मन कायद्याप्रमाणे त्यातील ५ टक्के मद्यार्क खऱ्या रममधून आला तरी चालतो. ‘कॉन्टिनेंटल’ हा जमैकन रमचा एक वर्ग या युरोपीय गिऱ्हाइकावरूनच ओळखला जातो. स्वतःच्या भट्टीची, स्वतःच्या गोदामात मुरवलेली रम हॅम्पडनने स्वतःच्या नावाने बाजारात आणली ती थेट २०१८ साली.

या वासाला इंग्रजीत ‘होगो’ असा एक जुना शब्द आहे. त्याचे मूळ फ्रेंच ‘ओ गू’, म्हणजे ‘उंच चव’. किंचित शिळवून खाण्याच्या रानमांसाला तो शब्द लावीत. इंग्रजीत आल्यावर तो ‘दुर्गंध’ या अर्थापर्यंत घसरला, आणि पुढे रमच्या जाणकारांनी त्यालाच पुन्हा गौरवाचे स्थान दिले. अतिपिकलेले केळे, अननस, रंगाचा डबा, ऑलिव्हचे खारवण अशा परस्परविरोधी वस्तूंची आठवण एकाच वेळी करून देणारा तो वास आहे. पहिल्या खेपेस तो बहुतेकांना आवडत नाही.

दुसरी खूण गयानातील आहे : ‘पीएम’. डेमेरारा नदीकाठच्या ‘डायमंड’ या कारखान्यात लाकडाच्या तीन जुन्या भट्ट्या अजून वापरात आहेत. पोर्ट मूरांट, व्हर्साय आणि एनमोर या मळ्यांवरील भट्ट्या बंद पडल्या तेव्हा त्या फिरत फिरत अखेर येथे आल्या. पोर्ट मूरांटची दोन लाकडी भांड्यांची भट्टी हे त्यांतील विशेष आश्चर्य. तिच्या रमला बडीशेप, जुने लाकूड आणि काळ्या चिकट मळीचा एक जड वास असतो, आणि ती सवयीने डोळे मिटूनही ओळखता येते. मळा गेला, गावचा कारखाना गेला, दोन अक्षरे उरली. या गावाच्या नावाशी भारतीयांचे नाते मात्र मद्यापुरते नाही. १८३८ पासून ब्रिटिश गयानात करारबद्ध भारतीय मजूर नेण्यात आले, ते गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांत त्यांची जागा घेण्यासाठी. गयानाचे पुढारी छेदी जगन यांचा जन्म १९१८ साली पोर्ट मूरांट येथे अशाच कुटुंबात झाला. फलंदाज रोहन कन्हाय १९३५ साली तेथेच जन्मला. सुनील गावसकरांनी आपल्या मुलाचे नाव कन्हायवरून ठेवले हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्या नावामागे उसाचा एक मळा उभा आहे हे सहसा आठवत नाही. (कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांची कथाही उसाच्याच मळ्यांची आहे, पण तो विषय स्वतंत्र.)

त्रिनिदादमधील ‘करोनी’ची हकिकत याहून अलीकडची आहे. हा सरकारी साखर कारखाना २००३ साली बंद झाला आणि हजारो कामगारांची, बहुतांशी करारबद्ध मजुरांच्या वंशजांची, नोकरी गेली. पुढच्याच वर्षी लुका गर्गानो या इटालियन व्यापाऱ्याला तेथील गोदामात पडून राहिलेली पिंपे आढळली. डांबरासारखा, धुरकट वास असलेली ती रम त्याने विकत घेऊन बाटल्यांत भरली. कारखाना चालू असताना जिला फारसे कोणी विचारीत नव्हते, त्या रमच्या बाटल्या आज लिलावात जातात. ‘दुर्मीळ’ या शब्दाचा येथील अर्थ ‘पुन्हा कधीच होणार नाही’ असा अक्षरशः आहे.

मार्तिनिकने आपली परिभाषा कायद्याने बांधून घेतली. तेथे मळीऐवजी ताज्या उसाच्या रसापासून रम करतात. बीटच्या साखरेमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उसाच्या साखरेचे भाव कोसळले, तेव्हा साखर न करता सरळ रसच आंबविणे अनेक मळ्यांना परवडू लागले. १९९६ साली या रमला फ्रान्सचे नियंत्रित उगमनाम मिळाले : ‘व्ह्यो’, म्हणजे जुनी, म्हणावयाची तर लाकडात किमान ३ वर्षे, ‘व्ही.एस.ओ.पी.’ला ४, ‘एक्स.ओ.’ला ६. विशेषणांना लक्षणे जोडण्याचे हे काम कोशकाराला हेवा वाटावा इतके नेमके आहे. याच ‘एक्स.ओ.’ अक्षरांना इतर अनेक देशांत कसलीही व्याख्या नाही.

आस्वादाचा विधी साधा आहे. तोंडाशी निमुळता होणारा पेला, त्यात दोन चमचे रम, आणि थोडा धीर. नाक पेल्यात खुपसू नये. चाळीस ते साठ टक्के मद्यार्क वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. पेला हनुवटीपाशी धरून वास आपण होऊन वर येऊ द्यावा. पहिला घोट केवळ जिभेला सवय होण्यासाठी. चव दुसऱ्या घोटापासून धरावी. तीव्र रममध्ये पाण्याचे चार थेंब टाकले तर दडलेले वास मोकळे होतात. आणि शक्य असेल तर दोन रम शेजारी ठेवाव्यात, कारण एकच एक वस्तू चाखून जीभ शिकत नाही; ध्वनिमूल्ये जशी जोडीने ओळखतात, तशीच चवही.

खरी अडचण वर्णनाची आहे. आसिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी मलाया द्वीपकल्पातील जहाई भाषिकांचा अभ्यास करून २०१४ साली दाखवून दिले की ते लोक वासांची नावे रंगांइतक्याच सहजतेने सांगतात. इंग्रजी भाषिक मात्र वासाला ‘अमक्यासारखा’ म्हणूनच थांबतात. मराठी या दोहोंच्या मध्ये कोठे तरी आहे. ‘खमंग’, ‘खरपूस’, ‘कुबट’, ‘खवट’, ‘आंबूस’ असे शब्द तिच्यापाशी आहेत, आणि पक्व रमचे बरेचसे वर्णन त्यांत बसते : जळलेल्या पिंपाचा वास खरपूस, मुरलेल्या मळीचा आंबूस. पण ‘मातकट’, ‘जळकट’, ‘धुरकट’, ‘कुजकट’ या ‘-कट’ प्रत्ययाच्या शब्दांत नापसंती आधीच भरलेली असते, आणि करोनीची किंवा हॅम्पडनची थोरवी नेमकी तेथेच आहे. धुरकट असून हवीहवीशी वाटणारी वस्तू सांगावयाची झाली तर मराठी भाषिकाला प्रत्ययाशी भांडावे लागते. मराठी चुलीवरच्या भाकरीला कोणी जळकट म्हणत नाही, खरपूस म्हणतात. रमच्या बाबतीत तसा दुसरा शब्द अद्याप घडलेला नाही.

जाणकार पेला लगेच धूत नाहीत. रात्री तो तसाच ठेवतात. सकाळपर्यंत मद्यार्क उडून गेलेला असतो आणि काचेवर वाळलेल्या पातळ थरात मागे राहिलेले तेवढे उरते. साखर घातली असेल तर तो थर बोटाला चिकट लागतो. घातली नसेल तर काच कोरडी असते, आणि तिच्यात ओल्या ओकचा, चिपाडांचा, मळीचा वास दुपारपर्यंत टिकतो.